संप तारीख सांगून येतो

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



‘परदेश प्रवासाचे अनुभव’ या विषयावर चार शब्द बोला, असा कमिटीचा निरोप आला. मी म्हटलं, आयफेल टॉवर कसा दिसतो हे आता बालवाडीतलं पोरही मोबाइलवर दाखवतं. त्यासाठी तुम्हाला तासभर खुर्चीवर बसवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी सांगतो.

आज आपल्या सोसायटीत अशी बरीच घरं आहेत, ज्यांची मुलगी किंवा मुलगा परदेशात आहे. आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी जातात. गेल्यावर मुलं म्हणतात, “इतक्या लांब आलाच आहात, तर एक दिवस शेजारच्या देशात जाऊन येऊ.” लंडनहून पॅरिस, लंडनहून ब्रुसेल्स. सकाळी जायचं, रात्री घरी. ऐकायला सोपं वाटतं. पण २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत तिकडे जे गेले त्यांना विचारा. कॅलेंडर उघडावं तर कुठल्या ना कुठल्या तारखेला रेल्वेचा संप! आम्ही दोघं मे २०२३ मध्ये मुलीकडे गेलो, तेव्हा आमचंही तेच झालं. त्यातून आम्ही वाट कशी काढली, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी आपल्या गावाकडे बघू. पडघ्याला रेल्वे नाही. आपली रेल्वे म्हणजे नाक्यावरून जीपने खडवली, नाहीतर एसटीने किंवा रिक्षाने कल्याण. म्हणून आपल्याला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. लोकल वेळेवर आहे एवढं पुरत नाही, खडवलीपर्यंत जीप मिळाली पाहिजे. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला आणि कर्मचाऱ्यांनी २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हावं असं हायकोर्टाला सांगावं लागलं. त्या काळात लोकल चालूच होत्या. पण लोकलपर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न आपल्याकडे रोज सकाळी होता. उलट ३ आणि ४ मे २०१० ला मुंबईच्या मोटरमननी आंदोलन केलं, तेव्हा कल्याणपर्यंत पोचलेली माणसं तिथून परत आली. प्रवास ही साखळी आहे. एक कडी सुटली की बाकीच्या मजबूत असून उपयोग नाही. परदेशातही हेच.

आमची मुलगी मिल्टन कीन्सला राहते. लंडनच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटर. तिथून रेल्वेने लंडनच्या यूस्टन स्टेशनला यायचं, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत सेंट पँक्रस स्टेशन, आणि सेंट पँक्रसहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिस. या बोगद्याचं उद्घाटन ६ मे १९९४ ला झालं. लांबी सुमारे पन्नास किलोमीटर, त्यातले अडतीस समुद्राखाली. लंडन ते पॅरिस सव्वादोन तासांच्या आसपास. म्हणजे पडघ्याहून दादरला पोचायला कधीकधी जेवढा वेळ लागतो, तेवढाच!

आमच्या सौ.ची पॅरिस बघायची जुनी इच्छा. वर्षअखेर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे चालण्यासारखं होतं ते आत्ताच. मुंबईतूनच आम्ही दोन व्हिसा काढले. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. तिथे शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि त्याला किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आमच्या शेंगेन व्हिसाची मुदत १२ जूनपर्यंत होती. जावईबापूंच्या सुट्टीचा विचार करून शनिवार ३ जून ठरवला, तिकिटं काढली.

एप्रिलच्या शेवटी मुलीचा फोन आला. “बाबा, ड्रायव्हर लोकांनी संप जाहीर केलाय. १२ मे, ३१ मे आणि ३ जून.”

आता इथे नीट लक्ष द्या. पॅरिसची गाडी वेगळ्या कंपनीची, तिचे ड्रायव्हर या वादात नव्हते. ती सुटणार होती. बंद पडणार होती ती आमच्या दारातली मिल्टन कीन्स ते लंडन गाडी. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकल चालू, पण खडवलीची जीप बंद.

म्हणून पहिली गोष्ट: ‘संप आहे’ एवढं ऐकून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. संप कोणाचा, ते विचारा. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या एकापेक्षा जास्त संघटना आहेत. ॲस्लेफ ही ड्रायव्हर लोकांची. तिचा संप असला की कित्येक कंपन्यांची एकही गाडी सुटत नाही. आरएमटीमध्ये गार्ड, स्टेशनवरची माणसं वगैरे येतात. तिच्या संपात काही गाड्या चालतात. पण सिग्नलची माणसं संपात उतरली की सगळ्यांनाच फटका. जून २०२२ च्या मोठ्या संपात २१, २३ आणि २५ तारखेला तसंच झालं. देशभरात साधारण पाचातली एकच गाडी धावली, तीही सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा याच वेळेत. बोगद्यातून जाणाऱ्या गाड्यांचंही वेळापत्रक तेव्हा कापावं लागलं. लंडनची भुयारी रेल्वे हा पुन्हा वेगळा कारभार, तिचे वाद वेगळे.

दुसरी गोष्ट, आणि आजच्या बोलण्याचं सार हेच. पूर सांगून येत नाही, दरड सांगून कोसळत नाही. संप मात्र बहुतेक ठिकाणी तारीख सांगून येतो. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक सेवांसाठी नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबण्याची अट होती. इंग्लंडमध्ये आम्ही गेलो तेव्हा मालकाला चौदा दिवस आधी कळवणं बंधनकारक होतं, आणि सभासदांचं मतदान घेतल्यावर त्याची मुदत सहा महिने. म्हणजे तेव्हा मतदानात संपाचा कौल लागला की पुढचे सहा महिने डोळे उघडे ठेवावे लागायचे. फ्रान्समध्ये संघटना पाच दिवस आधी नोटीस देते. शिवाय २००७ च्या कायद्याने गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ‘मी संपात आहे’ हे ४८ तास आधी कळवावं लागतं. त्यामुळे उद्या कुठली गाडी धावणार याची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाहीर होते. इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक स्थानिक गाड्या चालवाव्या लागतात. जर्मनीत मात्र सावध राहा. तिथे इतकी आधी सूचना मिळेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या ड्रायव्हर संघटनेचा संप तर २४ तारखेपासून थेट २९ तारखेच्या पहाटेपर्यंत चालला.

मुलीच्या घरी गेल्यावर आम्ही फ्रिजवर एक मोठं कॅलेंडर लावलं आणि लाल पेनाने फुल्या मारल्या. ३१ मे, ड्रायव्हर. २ जून, आरएमटी. ३ जून, पुन्हा ड्रायव्हर. ६ जून, फ्रान्सचा देशव्यापी संप. तिकडे सरकारने निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं होतं, त्याविरुद्ध जानेवारीपासून आंदोलन पेटलेलं होतं. संध्याकाळी चहा घेताना आम्ही चौघं एकेक दिवस तपासायला बसलो.

सोमवार २९ मे? दोन्ही देशांत सुट्टी, इंग्लंडमधल्या शाळांनाही सुट्टी. गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. १ जून? दोन संपांच्या मधला दिवस. संपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भलत्याच ठिकाणी उभ्या असतात, वेळापत्रक जागेवर यायला दुपार होते. ४ जून? तोच प्रश्न, त्यात रविवार. ५ जून? फ्रान्समधला रेल्वेचा संप बऱ्याचदा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणजे आमची रात्रीची परतीची गाडी नेमकी त्यात सापडणार. ७ जून? संपाचा दुसरा दिवस. राहिला गुरुवार ८ जून. जावईबापूंनी शनिवारची आशा सोडून गुरुवारी रजा टाकली आणि फरकाचे पैसे भरून तिकिटं बदलून घेतली. व्हिसाची मुदत १२ ला संपत होती, म्हणजे हातात चारच दिवस शिल्लक.

या हिशोबातून काही नियम आम्ही वहीत लिहून ठेवले. तुमच्यासाठी वाचतो.

एक. जाण्याच्या गाडीपेक्षा परतीच्या गाडीची काळजी जास्त करा. जाणं रद्द झालं तर आपण घरीच असतो. परतणं रद्द झालं तर परक्या गावात रात्र काढावी लागते.

दोन. परतीची शेवटची गाडी कधीच घेऊ नका, तिच्या आधीची घ्या. एक चुकली तर दुसरी हाताशी राहते.

तीन. तिकीट काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. तारीख बदलता येते का? कधीपर्यंत? किती पैसे कापून? थोडं स्वस्त म्हणून न बदलणारं तिकीट घेतलं, तर संपाच्या हंगामात ते महाग पडतं.

चार. व्हिसावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते एक, आणि आत किती दिवस राहता येईल ते दुसरं. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. गाडी रद्द होऊन मुक्काम पडला, तर दुसऱ्या दिवसाची सोय व्हिसात आहे ना, हे आधीच बघून ठेवा. इंग्लंडचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, तेही बघा. संध्याकाळी परत आत यायचं आहे!

पाच. दिवसाची सहल असली तरी औषधं दोन दिवसांची घ्या. सौ.ला मधुमेह आहे. आम्ही गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, एक शाल आणि दशम्या असं सगळं एका पिशवीत भरलं. मुलगी हसत होती, पण पिशवी तिनेच उचलली.

सहा. गाडी रद्द झाली तर हक्काने बोला. पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या गाडीत जागा, यातलं एक मागता येतं. युरोपीय संघात ७ जून २०२३ पासून, म्हणजे आमच्या सहलीच्या आदल्या दिवसापासूनच, प्रवाशांच्या हक्कांचे नवे नियम लागू झाले. त्यात तासाभराहून जास्त उशिराला भाड्याच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांहून जास्त उशिराला पन्नास टक्के भरपाई आहे. आणि रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हे कारण पुढे करून कंपनीला ती नाकारता येत नाही. तिकीट आणि आलेले मेसेज मात्र जपून ठेवा.

सात. पोचल्यावर शहरात फिरायचं कसं, तेही आधी बघा. पॅरिसच्या मेट्रोत १ आणि १४ क्रमांकाच्या लाइनवर गाड्या चालकाविना धावतात, त्यामुळे संपातही त्या सहसा चालू राहतात. लूव्र म्युझियम १ नंबरवरच आहे. आणि चालत किती अंतर आहे तेही माहीत असू द्या. गार द्यू नोर स्टेशनपासून नोत्र दाम चर्च साधारण तीन किलोमीटर. सगळं बंद असलं तरी धडधाकट माणूस चालत जाऊन वेळेवर स्टेशन गाठू शकतो.

आता मध्येच एक जुनी गोष्ट सांगतो. आजच्या तरुण सभासदांना ती माहीत नसेल.

१९७४ साली देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. २३ एप्रिलला नोटीस दिली, २ मे ला फर्नांडिसांना लखनौला अटक झाली, आणि ८ मे पासून संप सुरू झाला. सतरा लाखांच्या आसपास कामगार, वीस दिवस. मी तेव्हा शाळकरी पोर. माझ्या आत्याचं लग्न त्याच मे महिन्यात ठरलेलं. मुलाकडची मंडळी इगतपुरीची, आणि नवरा मुलगा तिथे इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी. म्हणजे वऱ्हाड यायचं रेल्वेने, रेल्वे बंद, आणि बंद करणाऱ्यांत नवरदेव स्वतः!

गावातली माणसं म्हणाली, लग्न पुढे ढकला. आजोबांनी मात्र नोटिशीची बातमी कानावर आली त्याच आठवड्यात हालचाल केली होती. भाताच्या गिरणीवर येणाऱ्या एका ट्रकवाल्याला आगाऊ पैसे दिले. इगतपुरीला माणूस धाडून निरोप दिला की खडवली स्टेशनवर उतरायचं विसरा, आग्रा रोडने या. कसारा घाट उतरून वऱ्हाड ट्रकमधून पडघ्याला आलं. नवरदेव त्यांच्यात नव्हता. संपकऱ्यांची धरपकड चालू होती, म्हणून तो आदल्या रात्रीच दुसऱ्या वाहनाने येऊन राहिला होता. मांडवात बायका हळू आवाजात बोलत होत्या. या मुलाची नोकरी राहणार का, याला पोरगी द्यावी का? आजोबांनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “आठ तासांची ड्यूटी मागतोय. चोरी नाही केलेली.”

२७ मे ला संप मागे घेतला गेला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या, कित्येक कुटुंबांना क्वार्टर सोडाव्या लागल्या होत्या. आमचे हे काका पुढची तीन वर्षं भिवंडीला लूमवर राबले. आत्याने घरात शिवणकाम केलं. १९७७ साली सरकार बदललं, आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेण्यात आलं. काका पुन्हा शेडमध्ये गेले. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोमची गादी आली ती याच दंडवत्यांच्या काळात, हेही जाता जाता सांगतो. तीवर आपण सगळेच झोपलो आहोत.

ही गोष्ट मला ३१ मे २०२३ ला आठवली. त्या दिवशी आम्ही फिरत फिरत मिल्टन कीन्सच्या स्टेशनपर्यंत गेलो. स्टेशनबाहेर संपावरचे काही ड्रायव्हर झेंडे घेऊन शांतपणे उभे होते. येणारीजाणारी माणसं त्यांच्याशी बोलत होती, कोणी हॉर्न वाजवून पाठिंबा देत होतं, कोणी नाक मुरडत होतं. मुलगी वैतागून म्हणाली, “बाबा, यांच्यामुळे आपला शनिवार गेला.” मी तिला आत्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत ती कधी सांगितलीच नव्हती. आत्याच्या हातचं शिवण घालून वाढलेली ही पोर! मग जावईबापूंना घेऊन आम्ही त्यातल्या एका ड्रायव्हरशी बोललो. पन्नाशीचा गृहस्थ. २०१९ पासून पगार वाढलेला नाही, असं त्याचं म्हणणं. कंपन्यांनी दोन वर्षांसाठी चार-चार टक्के देऊ केले होते, आणि महागाई ऑक्टोबर २०२२ मध्ये अकरा टक्क्यांवर पोचली होती. ड्रायव्हरला मुळातच चांगला पगार असतो, मग कशाला संप, असं म्हणणारेही तिथे पुष्कळ. दोन्ही बाजू ऐकाव्यात. पण ऐकावं तरी. तो मला म्हणाला, तुमची सहल बिघडवल्याबद्दल वाईट वाटतं. मी म्हटलं, बिघडली नाही, पुढे गेली आहे. मुलगीही हसली.

८ जूनला पहाटे घर सोडलं. यूस्टनला उतरलो, चालत सेंट पँक्रस. फ्रान्सचा पासपोर्ट तपास लंडनलाच होतो, तो आटोपून गाडीत बसलो. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे, एवढं लक्षात ठेवायचं. नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर दुरुस्तीसाठी बंद होतं, तरी सीन नदीच्या काठावर सौ. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसली. दुपारी लूव्र, संध्याकाळी टॉवर. जेवायला मुद्दाम स्टेशनजवळ परत आलो. गार द्यू नोरच्या मागच्या बाजूला, ला शापेलच्या रस्त्यावर, श्रीलंकेच्या तमिळ मंडळींची हॉटेलं आहेत. तिथे गरम डोसा आणि सांबार मिळालं. गाडी पकडण्यापूर्वी पोटभर जेवण आणि स्टेशन चालत दहा मिनिटांवर. रात्री उशिरा घरी पोचलो. दशम्या तशाच परत आल्या, त्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपल्या.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणी यंदा मुलांकडे जाणार असाल, तर मुलांना आधी सांगा की संपाच्या तारखा बघून ठेवा. हे कॅलेंडर शिर्डीच्या सहलीलाही चालतं आणि लग्नाच्या वऱ्हाडालाही. आणि तारीख हुकलीच, तर ज्याच्यामुळे हुकली तोही कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी बाप आहे, एवढं मनात असू द्या.

ज्यांना आमची वही बघायची असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर घरी यावं. चहा सौ.च्या हातचा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं आहे, आता ती जिना चढते.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.